अद्भुत कादंबरी, कुमार वाचक आणि समीक्षेचे सोवळे

१

मराठी समीक्षेत ‘वाचक’ या संकल्पनेला प्रतिष्ठा मिळून आता बराच काळ लोटला आहे. याउसचे अपेक्षाक्षितिज, ईझरचा अभिप्रेत वाचक, स्टॅन्ली फिशचे अर्थनिर्णायक समुदाय या संज्ञा पदव्युत्तर वर्गांत शिकवल्या जातात, प्रश्नपत्रिकांत विचारल्या जातात आणि प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात न चुकता अवतरतात. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र प्रबंधकार पुन्हा एकटाच संहितेसमोर बसतो. ज्या वाचकाच्या नावाने एवढा सिद्धान्तव्यवहार चालतो, त्याला त्याचे मत कोणी विचारलेले नसते. तो वाचक चौदा-पंधरा वर्षांचा असेल आणि त्याच्या हाती राक्षस, तिलिस्म, शापित वाडा किंवा जादूची शाळा असलेली कादंबरी असेल, तर त्याला काही मत असू शकते हेच आपल्या समीक्षेला मान्य नाही. त्याचे वाचन ‘वय’ या सदरात टाकले जाते. आजारपणासारखे ते यथाकाल बरे होईल अशी अपेक्षा असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या गृहीतकाच्या विरोधात आहे. अद्भुत कादंबरी वाचणारे कुमार वाचक एकमेकांशी त्या कादंबऱ्यांविषयी जे बोलतात, त्यात समीक्षेचा एक निश्चित निकष गर्भित असतो. तो निकष मराठी समीक्षेजवळ नाही, आणि तो नसल्यामुळे आपण आपल्या वाङ्मयाचा एक मोठा भाग धड नाकारूही शकलो नाही आणि स्वीकारूही शकलो नाही.

हे प्रतिपादन भंडारा जिल्ह्याच्या आधाराने करण्याचे कारण आहे. ‘कुमार वाचक’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचा, इंग्रजी शाळेतला, मालिकांचे संच विकत घेणारा मुलगा येतो. आणि ‘अद्भुत’ म्हणजे त्याच्यासाठी बाहेरून आलेला माल, असा निष्कर्ष आपोआप निघतो. वैनगंगेच्या खोऱ्यात हा निष्कर्ष टिकत नाही. येथे छापील अद्भुत आणि मौखिक अद्भुत एकाच घरात नांदते. शाळकरी मुलगी वाचनालयातून आणलेली भयकथा वाचते आणि तिच्या आजीला रानात ‘चकवा लागलेली’ माणसे नावानिशी ठाऊक असतात. १९५६ पर्यंत हा प्रदेश हिंदीबहुल मध्य प्रांत आणि पुढे मध्य प्रदेशात होता. बालाघाट आजही शेजारी आहे. त्यामुळे ‘चांदोबा’तला वेताळ आणि देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ या दोघांनाही येथे परके मानण्याचे कारण नव्हते.

२

मराठी कादंबरीविषयीचा अगदी आरंभीचा वाद अद्भुताविषयीचाच आहे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपली बाजू स्वच्छ शब्दांत मांडली होती. आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात, विशेषतः विवाहाच्या रूढींमुळे, मनोवेधक असे काही घडत नाही. तेव्हा रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय आहे. ही प्रस्तावना पुढे लेखकाच्या दुबळेपणाची कबुली म्हणून वाचली गेली. वस्तुतः तिच्यात एक सामाजिक निरीक्षण आहे. ज्या समाजात तरुण माणसाला स्वतःच्या आयुष्यात निवड करण्याची मुभाच नाही, तेथे निवड, संकट आणि साहस यांची कथा लिहायची तर लेखकाला वेगळी सृष्टी उभारावी लागते. रिसबुडांनी ती चांगली उभारली का, हा प्रश्न निराळा. परंतु त्यांनी दिलेले कारण आजही खोटे ठरलेले नाही, आणि ते सर्वांत अधिक कोणाला लागू पडते, तर पंधरा वर्षांच्या मुलामुलींना.

पुढे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून त्यांनी केलेली ही मांडणी ‘टीकास्वयंवर’मधून (१९९०) अभ्यासकांच्या एका पिढीपर्यंत पोचली. ऐतिहासिक वर्णन म्हणून तिचे मोल वादातीत आहे. परंतु वर्गांतून आणि प्रबंधांतून त्या वर्णनाची उतरंड झाली. वास्तवाशी भिडणारी पहिली प्रवृत्ती ही कादंबरी, आणि उरलेल्या दोन तिच्या विकृती, असे समीकरण रूढ झाले. नेमाड्यांचा पहिल्या प्रवृत्तीकडे असलेला कल उघड आणि सकारण होता. त्यांच्या अनुयायांनी कारणे गाळली आणि कल तेवढा ठेवला. ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीतील चांगले आणि वाईट वेगळे कसे करावे, याचा विचार करण्याची गरजच मग उरली नाही, कारण सर्वच वाईट ठरले होते.

ही शिस्त तरी प्रामाणिकपणे पाळली गेली का? वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) बापाचे वार्धक्य मुलगा अंगावर घेतो, शापाने देह बदलतो. ही घटना कोणत्याही अद्भुत कादंबरीत शोभावी अशी आहे. परंतु कथा पौराणिक, हेतू गंभीर आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ, तेव्हा तेथे अद्भुताचा उच्चार कोणी केला नाही. ‘प्रतीक’ हा शब्द वापरला गेला. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘इस्किलार’ या दीर्घकथेत अनोळखी भूमी आहे, भविष्यवाणी आहे, अटळ नियतीचा खेळ आहे. तिला आपण ‘रूपककथा’ म्हणालो. नारायण धारपांनी मानवी जगाच्या कडेला दुसरे जग उभे केले, तेव्हा ती ‘भयकथा’ झाली आणि प्रवासात वाचण्याच्या पुस्तकांत गेली. जी. ए. आणि धारप यांच्यात गुणवत्तेचे अंतर आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ते अंतर दाखवण्यासाठी दोघांना एका निकषावर तपासावे लागते. आपण एकाला मंदिरात बसवले, दुसऱ्याला स्थानकावर सोडले आणि या कृतीलाच मूल्यमापन म्हटले.

याहून जुने उदाहरण भंडाऱ्याच्या वाटेवरच भेटते. ‘लीळाचरित्रा’त नीळभट भांडारेकार येतात, भंडारा आणि मराठीचे आद्य गद्य यांचा संबंध इतका जुना आहे. या ग्रंथाच्या साध्या, बोलत्या, रोजच्या तपशिलांनी भरलेल्या गद्याचे कौतुक करताना आपण थकत नाही. परंतु त्याच चरित्राच्या मुळाशी चांगदेव राउळांनी देह ठेवून भडोचच्या हरपाळदेवाच्या मृत शरीरात प्रवेश केल्याची कथा आहे. महानुभावांसाठी ती श्रद्धेचा विषय आहे, आणि तिला कादंबरीच्या मापाने मोजण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा समीक्षेपुरता आहे. जे गद्य एका वाक्यात बाजारहाट सांगते आणि तितक्याच शांतपणे परकायाप्रवेशही सांगते, त्याचा अर्धा भाग ‘वास्तव’ म्हणून उचलायचा आणि अर्ध्याविषयी मौन पाळायचे, ही निवड कोणत्या सिद्धान्तात बसते?

३

आता वाचकांकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार अनुदान घेणारी ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची वाचनालये तालुक्यांच्या गावीच नव्हे, तर खेड्यांतही आहेत. अशा कोणत्याही वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी काही वेळ उभे राहिले, किंवा रहस्यकथा-भयकथांच्या शेवटच्या कोऱ्या पानावरचे पेन्सिलीचे शेरे वाचले, की एक गोष्ट ध्यानात येते. शेऱ्यांत ‘छान’, ‘बकवास’, ‘वाचू नये’ असे उद्गार पुष्कळ असतात, आणि त्यांना समीक्षा म्हणण्याचा भाबडेपणा येथे अभिप्रेत नाही. परंतु त्यांच्या जोडीला दुसऱ्या जातीच्या तक्रारी असतात. ही शक्ती त्याच्याजवळ आधीपासून होती, तर पहिल्या संकटात त्याने ती का वापरली नाही? मेलेला परत येऊ शकतो, तर आधीच्या मृत्यूचे दुःख कशाला केले? मंत्र एकदाच चालतो असे सांगून लेखकाने तो दोनदा चालवला. शेवटी सगळे स्वप्न निघाले, ही फसवणूक आहे.

या तक्रारींत ‘असे घडत नाही’ ही तक्रार नाही. अद्भुत घडू शकते हे वाचकाने पहिल्याच पानावर मान्य केलेले आहे. त्याचा आक्षेप लेखकाने स्वतः घातलेला नियम मोडण्याला आहे. अद्भुताची किंमत ठरलेली असावी, ती कोणीतरी चुकती करावी, आणि हिशेब शेवटच्या पानापर्यंत जुळावा, अशी ही मागणी आहे. टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात दुय्यम सृष्टीच्या अंतर्गत सुसंगतीचा जो आग्रह धरला, त्याच्याशी ही मागणी जवळजवळ एकरूप आहे. ‘चंद्रकांता’च्या वाचकालाही ती परिचित होती. तिलिस्म कोणालाही फोडता येत नाही. ते ज्याच्या नावे बांधले आहे त्यालाच, ठरलेल्या रीतीनेच ते फुटते. तिलिस्माचा सारा थरार त्या कायद्यात असतो. आपल्या परंपरेतही भरताने अद्भुताला विस्मय हा स्थायी भाव दिला आणि नाट्याच्या निर्वहण संधीत अद्भुत असावा असे सांगितले. सारे धागे एकत्र येण्याच्या ठिकाणी त्याची जागा नेमली आहे. धागेच नसतील तर तेथे विस्मय उत्पन्न होत नाही, नुसता गोंधळ होतो.

येथे तोदोरोव्हच्या १९७० मधील मांडणीचा आधार घेण्याची प्रथा आहे. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या संभ्रमात वाचक जोवर आहे तोवरच ‘फॅन्टॅस्टिक’. निर्णय झाला की कृती शेजारच्या प्रकारात जाते. ही मांडणी सूक्ष्म आहे, पण ती अशा वाचकाला गृहीत धरते ज्याच्या जगात नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांची सीमा आधीच आखलेली आहे. ज्या घरात चकव्याची गोष्ट आणि विज्ञानाचे पाठ्यपुस्तक एकाच कंदिलाखाली ऐकले-वाचले गेले, तेथील वाचकाचा संभ्रम या जातीचा नसतो. हे खरे की खोटे, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. या गोष्टीत काय चालते आणि काय चालत नाही, हे तो आधी विचारतो. तोदोरोव्ह शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी हा फरक टिपायला हवा होता. त्यासाठी परक्या सिद्धान्ताची नव्हे, चार वाचकांची गरज होती.

४

अद्भुताविषयीच्या या अनास्थेचे फळ वाचनालयाच्या कपाटात दिसते. ज्या ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत पाळली जाते, तेथे मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि लोककथांचा ३९८.२ आहे. म्हणजे लोककथा सामाजिक शास्त्रांच्या दालनात बसते. ड्यूईला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या विद्यापीठांनीही तेच केले आहे. लोकसाहित्य हा एक वैकल्पिक अभ्यासविषय, कादंबरी हा दुसरा, आणि दोहोंमध्ये भिंत.

या भिंतीमुळे काय हरवले, ते नवेगावबांधाच्या कथेवरून पाहता येईल. हा तलाव १९९९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांच्या दैवी साहाय्याने बांध उभा राहिला अशी समजूत आहे, आणि बांधणारा कोलू स्वतःच पुढे कोलासूर देव झाला. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरानेही ही कथा नोंदवली. श्रम, पाणी, जमीन, मदत आणि मदतीची परतफेड हे सारे या कथेत बीजरूपाने आहे. एखाद्या कुमार कादंबरीला आणखी काय हवे? परंतु ती कथा ३९८.२ मध्ये राहिली. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी साकोलीत राहून झाडीबोली, दंडार आणि येथील लोकपरंपरा यांवर आयुष्यभर काम केले, झाडीबोलीची साहित्य संमेलने उभी राहिली, तरीही त्या संचिताला ‘सामग्री’ यापलीकडे दर्जा मिळाला नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार पाहणारा, कंटाळला की उठून जाणारा आणि रंगला की दाद देणारा प्रेक्षक हा एक जिवंत टीकाकार आहे, हे सौंदर्यशास्त्राच्या तासाला कोणी सांगत नाही.

परिणामी कुमार वाचकाला अद्भुत मिळते ते बहुधा अनुवादातून. ते वाईट आहे असे मुळीच नाही. रोलिंगच्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे झाले. त्या एका शब्दाने परक्या किमयागाराचा दगड संतांच्या लोखंड-सोन्याच्या दृष्टान्तांशेजारी आणून ठेवला. मराठीत त्याच्यासाठी जागा आधीच होती, असा त्याचा अर्थ. परंतु अनुवादांचे बोलणे बहुतेक प्रमाण मराठीतले असते. झाडीत राहणाऱ्या मुलामुलींची बोली असलेली, त्यांच्या बोड्या, तलाव आणि धानाचे बांध असलेली अद्भुत कादंबरी त्यांच्या हाती क्वचितच येते. जादूगाराने झाडीबोली बोलावी हे लेखकाला सुचत नाही, कारण समीक्षेने ती बोली ग्रामीण वास्तवाच्या खात्यात कायमची जमा केली आहे.

५

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, ज्या महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे अद्भुताची भलामण म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. हा आक्षेप कल्पित आणि समजूत यांची गल्लत करतो. करणी-भानामतीवर विश्वास ठेवणाऱ्याला तो नियम जगाचा वाटतो. अद्भुत कादंबरी वाचणाऱ्याला ठाऊक असते की नियम पुस्तकाचा आहे, लेखकाने केला आहे आणि तो मोडल्याचा जाब विचारता येतो. जाब विचारण्याची ही सवय कोणत्याही मांत्रिकाला परवडणारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे त्याच्या पाण्याने गावे उठवली. अशा भूमीतील मुलांना राक्षसांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी वाचा म्हणणे हा क्रूर विनोद नव्हे काय? साहित्याने जे घडले ते सांगावे, ही दलित साहित्याची मागणी रक्तातून आलेली आहे, आणि तिच्यापुढे कोणत्याही वाङ्मयप्रकाराने नम्रच असले पाहिजे.

परंतु त्या मागणीचा रोख लबाडीवर होता, अद्भुतावर नव्हता. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चा (१९५९) विचार करा. त्यातील पराक्रम मध्यमवर्गीय वास्तववादाच्या चौकटीत मावत नाही; म्हणूनच आपल्या समीक्षेला ती कादंबरी कितीतरी काळ ‘रोमँटिक’ म्हणून बाजूला ठेवता आली. वाचकांनी मात्र ती सोडली नाही, कारण ज्यांच्या वाट्याला इतिहासाने केवळ सोसणे दिले त्यांना तेथे करणारा माणूस दिसला. अन्यायाखाली जगणाऱ्याने केवळ आपल्या जखमांचा दस्तऐवज वाचावा आणि नायकाचे, प्रतिसृष्टीचे, अशक्य वाटणाऱ्या न्यायाचे वाचन इतरांनी करावे, ही वाटणी कोणी ठरवली? ज्या भूमीने तलाव बांधणाऱ्याला देव केले, तेथील बुडित गावातला एखादा मुलगा सात बहिणींना विचारू शकेल की त्या वेळी तुम्ही बांधाला हात लावलात, या वेळी कोठे होता? तो प्रश्न केवळ अद्भुत कादंबरीतच विचारता येतो, आणि तो वास्तवापासून पळणारा प्रश्न नाही. शिवाय हा आक्षेप नेहमी कुमार वाचकाच्या वतीने घेतला जातो, त्याने स्वतः तो घेतल्याचे ऐकिवात नाही.

६

वाचकांचे प्रत्येक मत मोलाचे, असा निष्कर्ष यातून काढू नये. आवडले म्हणजे चांगले, खपले म्हणजे श्रेष्ठ, हा युक्तिवाद बाजाराचा आहे. कुमार वाचकाचा निकष सुसंगतीच्या बाबतीत तीक्ष्ण आणि भाषेच्या बाबतीत अनेकदा बोथट असतो. रचलेल्या सृष्टीत कोणाला राज्य मिळाले आणि कोण दास राहिला, हे तो नेहमी विचारत नाही. ते विचारणे हे समीक्षेचे काम आहे. परंतु ते करण्यासाठी तिने आधी त्याच्या शेजारी बसायला हवे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) नववीच्या मुलांची कादंबरी आहे. ती नववीत वाचणारा आणि चाळिशीत वाचणारा यांचे वाचन एक असणार नाही, हे सांगायला सिद्धान्त लागत नाही. तरी आपल्याजवळ लिखित स्वरूपात आहे ते बहुतांशी चाळिशीचेच वाचन.

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील मराठी विभागांत दरवर्षी लघुप्रबंध लिहिले जातात. एकाच कादंबरीकाराच्या एकाच ‘सामाजिक जाणिवे’वर किती, याची गणती न केलेली बरी. त्यांतील काही विद्यार्थ्यांनी तुमसर, पवनी, लाखांदूर येथील वाचनालयांच्या देवघेव नोंदी पाहाव्यात, कुमार वाचकांशी बोलावे, त्यांच्या तक्रारी शब्दशः उतरवून त्या निकषांवर धारप, मतकरी आणि अनुवादित मालिका तपासाव्यात. निकष अपुरे पडतील तेथे ते का अपुरे पडले हे लिहावे. हे काम अवघड नाही. त्यासाठी फक्त सोवळे सोडावे लागेल. ज्यांना ते सोडवत नसेल त्यांनी ईझर आणि याउस यांची नावे घेणे तरी थांबवावे, कारण त्या दोघांनी वाचकाला सिद्धान्तात आणले ते त्याला दाराबाहेर उभे करण्यासाठी नव्हे.